माझ्या नावाची हाक

आई दिवसातून कितीतरी वेळा माझ्या नावाने हाक मारी, आणि त्यातल्या निम्म्याअधिक हाका माझ्यासाठी नसत. त्या बाबांसाठी असत. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, ही समजूत आमच्या आसपासच्या सगळ्याच घरांत होती आणि त्यावर बायकांनी काढलेली वाटही एकच होती. थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारायची. नवरा समोर असला तर ‘अहो’ पुरे. बाबा अंगणात, विहिरीवर किंवा शेजारच्या बिऱ्हाडात गप्पा मारत असले की आई उंबऱ्यात उभी राहून माझं नाव पुकारी. मी तिच्या मागे पाटावर पुस्तक घेऊन बसलेली असले तरी मान वर करत नसे. बाबा बाहेरून ‘आलो’ म्हणत. कुणाला त्यात काही वेगळं वाटत नसे.

आई गेली त्याला काही आठवडे झाले. भेटायला येणारी माणसं आता थांबली आहेत, आणि दुपारी घर इतकं शांत असतं की मला ती हाक आठवते. हाक आठवली की बोरिवलीच्या जंगलातला तो धबधबा आठवतो.

तेव्हा आम्ही बोरिवलीला, स्टेशनच्या पूर्वेला, एका कौलारू चाळीत राहत होतो. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मी मराठी चौथीत होते. चाळीच्या मागे भाताची खाचरं होती, त्यांच्यापलीकडे गवत आणि गवतापलीकडे जंगल. थंडीच्या दिवसांत कुणाची शेळी नाहीशी झाली की वाघाने नेली असं म्हणत. बिबट्यालाही तिथे वाघच म्हणत.

घरात आम्ही चौघं होतो. आई, बाबा, मी आणि आत्या. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्न झाल्यावर दोन वर्षांच्या आतच तिचा नवरा गेला आणि ती आमच्याकडे आली ती कायमची. मशीनवर चाळीतल्या बायकांची पोलकी शिवायची. जिभेची तिखट होती; माप घेता घेता गिऱ्हाइकाची थट्टा करायची आणि तरी गिऱ्हाइकं तिच्याकडेच यायची. एका गोष्टीची मात्र तिने कधी थट्टा केली नाही. तिने ती आईला एकदा सांगितली तेव्हा मी पुस्तकात डोकं घालून बसले होते आणि मी ऐकत नाही असं दोघींना वाटत होतं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत तिच्या नवऱ्याने हट्ट धरला होता, की उखाणा नको, नुसतं नाव घे, दार लावलेलं आहे, कोण ऐकतंय. तिने हसत हसत घेतलं. पुढच्या दिवाळीला तो नव्हता.

आई म्हणाली, की त्यांना विषमज्वर झाला होता, नावाचा काय संबंध.

“ज्वर सगळ्यांना येतो, वहिनी,” आत्या म्हणाली. “आणि उतरतोही.”

तिने मशीनचं चाक फिरवलं आणि पुढची शिवण घातली. त्यानंतर आई ‘अहो’सुद्धा जरा हळू म्हणायला लागली असं मला वाटे.

त्या वर्षी कार्तिकात आवळीभोजनाला जायचं आत्याच्या मनात आलं. आवळ्याच्या झाडाखाली दिवा लावायचा, झाडाची पूजा करायची आणि त्याच्या सावलीत बसून जेवायचं. तिच्या सासरच्या गावी ही रीत होती. आमच्या चाळीच्या आसपास आवळा नव्हता. बाबांच्या कचेरीतल्या एकाने सांगितलं, की जंगलात नदीवर एक लहानसा धबधबा आहे, त्याच्या वरच्या अंगाला आवळ्याचं जुनं झाड आहे, वाट सोपी आहे आणि बायकामुलांना सहज जाता येईल. त्यानेच आणखी एक गोष्ट सांगितली. धबधब्याखालचा डोह वाईट आहे. आदल्या वर्षी सहलीला आलेला एक मुलगा त्यात गेला, आणि तो चांगला पोहणारा होता.

बाबांना पोहता येत नव्हतं. त्यांचं सगळं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं होतं आणि पाण्याशी त्यांचा संबंध नळापुरता होता. रविवारी सकाळी आम्ही निघालो तेव्हापासून त्यांनी माझं बोट सोडलं नाही. डोहापाशी एकटीने जायचं नाही, पाण्यात हात घालायचा नाही, दगडांवर उड्या मारायच्या नाहीत, असं खाचरांच्या बांधावर एकदा, बैलगाडीच्या वाटेवर एकदा आणि झाडी सुरू झाली तेव्हा पुन्हा सांगितलं. शेवटी आत्या म्हणाली, “दादा, तिला आवळ्यालाच बांधून ठेवू या का? आपण सावकाश जेवू.” बाबा हसले नाहीत.

वाट खरोखरच सोपी होती. साग आणि ऐनाच्या झाडांतून पायाखाली मऊ पाचोळा होता, आणि आईच्या डोक्यावर मसालेभाताचा पितळी डबा असूनही ती कुठे अडली नाही. नदी दिसण्याच्या आधी तिचा आवाज येऊ लागला. त्या वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला होता, त्यामुळे धबधबा उंचीने फार नसला तरी भरून कोसळत होता. जवळ गेल्यावर बोललेलं ऐकू येईना. आत्या माझ्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाली ते मला कळलंच नाही. खाली डोह होता. काठाजवळ पाणी स्वच्छ होतं, तळातले गोटे दिसत होते. दोन पावलं पुढे ते हिरवं होत होतं, आणि त्याच्या पुढे रंगच नव्हता.

काठच्या कातळावर बसून आम्ही पाय धुतले. बाबांनी माझा दंड धरून ठेवला होता. माझ्या चपला भिजल्या म्हणून आईने त्या तिथेच उन्हात वाळत ठेवल्या, जाताना घेऊ म्हणाली. वर चढताना करवंदीच्या जाळ्या होत्या, तेव्हा बाबांनी मला खांद्यावर घेतलं.

आवळ्याचं झाड सापडलं. हळदकुंकू आईने वाहिलं. आत्या थोडी बाजूला उभी राहून पदराने दिव्याचा वारा अडवत होती. पूजा झाली, पत्रावळी मांडल्या आणि लक्षात आलं की पिण्याचं पाणी वाटेतच संपलं होतं. नदीचं पाणी नको, खाली थोड्या अंतरावर झरा आहे असं बाबांना कळलं होतं. फिरकीचा तांब्या घेऊन ते निघाले. आईने त्यांना लवकर या म्हटलं. ते म्हणाले, हा काय आलोच.

ते आले नाहीत. पुऱ्यांवर फडकं टाकून आम्ही बसलो. आत्याने विचारलं, दादा पाणी आणायला तुळशी तलावापर्यंत गेला की काय. आई हसली. मग आणखी वेळ गेला. आवळ्याची सावली पत्रावळींवरून सरकून गवतावर गेली. आत्याने पत्रावळी उचलून पुन्हा सावलीत मांडल्या.

मग खालच्या बाजूला माकडं एकाएकी ओरडायला लागली. आमच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं, की माकडं अशी ओरडतात ती कशाला तरी पाहून. आत्याने आईकडे पाहिलं. आई उठली. जेवणापाशी कुणीतरी थांबायला हवं होतं म्हणून आत्या थांबली, आणि आईने माझा हात धरून मला बरोबर घेतलं.

धबधब्याच्या वरच्या बाजूला कातळाची एक कड होती. तिथून खाली डोह दिसत होता, डोहाकाठचा सपाट दगड दिसत होता आणि दगडावर माझ्या चपला. बाबा कुठे दिसत नव्हते. आईने आधी ‘अहो’ म्हणून पाहिलं. पण ‘अहो’ हा शब्द दोन खोल्यांच्या मापाचा आहे, तो त्या पाण्याच्या आवाजात तिच्या ओठांपाशीच विरला. बाहेर मोकळ्यात हाक मारायला नाव लागतं. तिच्याजवळ माझंच नाव होतं.

तिने माझ्या नावाने हाक मारली.

मी तिच्या शेजारी उभी होते. तिचा पदर माझ्या मुठीत होता. मला त्यात काही विचित्र वाटलं नाही; उंबऱ्यातून मारायची तशीच ती हाक होती. फक्त उंबऱ्यातल्या हाकेत कधी भीती नसे. भाजी चिरता चिरता, हातातलं काम न सोडता मारलेली ती हाक असे. इथे तिच्या मनात माकडांचं ओरडणं होतं आणि गळ्याच्या शिरा ताणून ती पुन्हा पुन्हा माझं नाव घेत होती. कोणत्याही आईने हरवलेल्या मुलीला मारावी, तशी.

खालच्या झाडीतून बाबा बाहेर आले. ते धावत होते. तांब्या हातात नव्हता. आईने श्वास सोडला, “आले” म्हणाली आणि हसायलाही लागली होती. पण बाबांनी वर पाहिलंच नाही. ते कातळापाशी येऊन थांबले. त्यांनी माझ्या चपला पाहिल्या. वाकून त्यातली एक उचलली, हातात धरली आणि डोहाकडे पाहिलं. मग चप्पल खाली ठेवून ते लेंगा-सदऱ्यासकट पाण्यात उतरले.

“काय करतायत हे?” आई म्हणाली. तिला कळलं नव्हतं. त्यांना थांबवायला म्हणून तिने पुन्हा हाक मारली, आधीपेक्षा मोठ्याने, माझ्याच नावाने.

बाबांना ती ऐकू गेली. त्यांची मान हलली. पण धबधब्याचा आवाज चारी बाजूंच्या खडकांवर आपटून येत होता, हाक कुठून आली ते त्यांना कळलं नसावं. हाक आली एवढंच कळलं आणि ते आणखी एक पाऊल पुढे गेले. पाणी कमरेला लागलं. ते दोन्ही हात पाण्याखाली घालून चाचपत होते, अंधारात पडलेली वस्तू शोधावी तसे.

तेव्हा मला समजलं. आईच्या आधी मला समजलं, कारण नाव माझं होतं.

मी पदर ओढला. “आई, हाक मारू नको. त्यांना वाटतंय मी पाण्यात आहे.”

आईने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा कसा झाला ते मी लिहू शकणार नाही. तिचं तोंड उघडंच होतं, पुढची हाक त्यात तयार होती आणि ती तिने गिळली. मी ‘बाबा, बाबा’ म्हणून ओरडले. माझा आवाज मलाही नीट ऐकू आला नाही. आम्ही हात हलवले. ते वर पाहत नव्हते, ते खालीच पाहत होते. उतरायची वाट करवंदीच्या जाळ्यांना वळसा घालून जात होती आणि तिथून खाली पोचेपर्यंत बराच वेळ गेला असता. पाणी त्यांच्या छातीला लागलं. पुढे ते हिरवं पाणी संपत होतं.

आईने बाबांच्या नावाने हाक मारली.

नुसतं नाव. पुढे ‘राव’ नाही, आधी उखाणा नाही. हळदीकुंकवाला बायकांनी अडवून घ्यायला लावलेलं, यमकात लपेटलेलं ते नाव मी तिच्या तोंडून एकदा ऐकलं होतं, पण ते असं नव्हतं. हे उघडं, एकेरी होतं. बाबांचे आईवडील मी जन्मायच्या आधीच गेले होते. आत्या त्यांना दादा म्हणे, कचेरीत आडनावाने ओळखत. त्या नावाने एकेरी हाक मारणारं जगात कुणी उरलंच नव्हतं.

बाबा जागच्या जागी थांबले आणि त्यांनी मान वळवली. आमच्याकडे नाही; आधी त्यांनी आभाळाकडे पाहिलं. मग इकडेतिकडे. वळताना त्यांचा पाय शेवाळावरून सटकला आणि ते दिसेनासे झाले. तिथे नुसतं पाणी होतं.

आईने पुन्हा तेच नाव घेतलं, आणि पुन्हा. आता ती थांबत नव्हती.

काठावर एका उंबराची मुळं पाण्यात उतरली होती. तिथे आधी हात दिसला, मग डोकं. मुळाला धरून बाबा ओढत ओढत काठाला आले आणि गुडघ्यांवर बसून खोकू लागले. चष्मा गेला होता. चष्म्याशिवाय त्यांना कडेवर कोण उभं आहे ते दिसणं शक्य नव्हतं. ते पुन्हा पाण्याकडे वळताहेत असं मला वाटलं आणि आईलाही वाटलं असणार, कारण वळशाची वाट सोडून ती मला कडेवर घेऊन सरळ जाळ्यांतूनच उतरली. माझ्या हातापायांना आणि तिच्या लुगड्याला काटे लागले. ती थांबली नाही.

बाबांच्या पुढ्यात तिने मला उभं केलं. त्यांनी चेहरा अगदी जवळ आणून मला पाहिलं. मग माझी वेणी हातात घेतली आणि शेंड्यापर्यंत बोटांनी चाचपली.

“कोरडी आहे,” ते म्हणाले. “कोरडी आहे ग ही.”

“ती माझ्यापाशीच होती,” आई म्हणाली.

“मग तिला हाका कशाला मारत होतीस?”

“तिला कुठे? तुम्हाला.”

बाबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या दाढेवर दाढ आपटत होती. ते हसतील असं मला वाटलं, घरी ते नक्की हसले असते. पण त्यांनी विचारलं, “आणि ते दुसरं नाव? ते कोणी घेतलं?”

 आईने त्यांच्या डोक्यावर पदर टाकला आणि लहान मुलाचं पुसावं तसं खसाखसा पुसू लागली.   बाबा हाक येईपर्यंत झऱ्यावरच होते. धार बारीक होती, तांब्या भरायलाच वेळ लागला होता आणि पहिल्या हाकेला तो तिथेच टाकून ते पळत सुटले होते. एवढंच झालं होतं. माकडं कशाला ओरडली ते आम्हाला कधीच कळलं नाही.

वर जाताना आईने दोघांनाही बजावलं, की वन्संना यातलं काही सांगायचं नाही. पाय घसरून पाण्यात पडले, इतकंच. बाबांनी मान डोलावली. आत्याने ओले कपडे पाहिले, चष्मा नाही ते पाहिलं आणि बाबांनी सांगितलं ते ऐकून घेतलं. आपल्या खांद्यावरचं धाबळीचं पांघरूण तिने त्यांना दिलं. आम्ही जेवलो. मसालेभात गार झाला होता आणि घशाखाली उतरत नव्हता. पाणी तर नव्हतंच. आई जेवली नाही. ती झाडाकडे तोंड करून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. ती देवाशी काय बोलत होती ते मला तेव्हाही कळत होतं. बाबा पाण्याबाहेर आले होते, पण तिच्या लेखी ते अजून पुरते बाहेर आले नव्हते.

परतताना बाबा चष्म्याशिवाय चाचपडत चालत होते, आणि आता मी त्यांचं बोट धरलं होतं. आई आणि आत्या आमच्या मागे होत्या.  खाचरांचे बांध दिसायला लागले तेव्हा आत्या बोलली. तिचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता.

“वहिनी, त्या पाण्याचा आवाज केवढा होता ग. तेवढ्या आवाजात वर कुणाला काही ऐकू गेलं नसेल.”

मी मागे वळून पाहिलं. आत्या समोर बघत चालली होती. आई थांबली होती. आत्या चार पावलं पुढे गेली, मग परत आली, आईच्या डोक्यावरचा डबा काढून स्वतःच्या काखेत घेतला आणि तिला चालायला लावलं.

बाबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. मी कॉलेजात गेले, नोकरीला लागले, तेवढी वर्षं. त्यांना साधं पडसं झालं तरी आई रात्रभर उशाशी बसे. माझ्या नावाने हाक मारायची पद्धत तिने सोडली नाही, पण त्या दिवसानंतर बाबा हाकेला ओ देण्याआधी दारात येऊन मी कुठे आहे ते पाहत. ती सवय त्यांची शेवटपर्यंत गेली नाही. ते गेले तेव्हा लोक पांगल्यावर आई मला एवढंच म्हणाली, की त्या दिवशी घेतलं होतं मी. मी म्हटलं, घेतलं नसतंस तर ते त्याच दिवशी गेले असते. ती म्हणाली, ते मला कळतं. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

या वर्षी आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिला दिवस-वेळ आठवेनाशी झाली होती. ती दुपारी माझ्या नावाने हाक मारायची. मी हातातलं टाकून जायची, ‘काय ग आई’ म्हणायची, आणि ती माझ्या खांद्यावरून पलीकडे, दाराकडे बघत राहायची. पहिले काही दिवस मी तिला पाणी विचारलं, कूस बदलून दिली. मग एकदा ती वैतागून म्हणाली, “तुला नाही ग.”

त्यानंतर ती हाक आली की मी ओ देत नसे. दारातून थोडी बाजूला होऊन उभी राहत असे.